गाडी लागते का?

पुण्याहून बेळगाव किती लांब आहे असं कुणी विचारलं, तर आमच्या घरात त्याचं उत्तर आता किलोमीटरमध्ये येत नाही. 'अठराच्या ॲव्हरेजने गेलो' असं येतं. मागच्या वर्षी विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती उंच गाडी घेतली तेव्हापासून हे सुरू झालं. तिला काय म्हणावं हे मला अजून कळलेलं नाही. जीप म्हणावी तर ती जीप नाही, कार म्हटलं की विलासला राग येतो. कंपनी तिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणते, म्हणजे लहान अशी मोठी गाडी. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. एखाद्या मुलाने असं लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ मारली असती.

या गाडीबरोबर चार चाकं, एक स्टेपनी आणि एक अख्खा समाज मिळतो. मोबाइलवर 'उंच सोबती' नावाचा ग्रुप आहे. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या भागात ज्यांच्याकडे नेमकी हीच गाडी आहे, ते सगळे त्यात. विलास राहतो पुण्यात, पण जन्म जांबोटीच्या पलीकडच्या वाडीवरचा, म्हणून त्याला तिथे मानाचं स्थान. सकाळी उठल्यावर हे लोक एकमेकांना नमस्कार करत नाहीत, टायरमधली हवा कळवतात.

पण आम्ही निघालो ते ग्रुपसाठी नव्हे, आक्कासाठी. आक्का ही विलासची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच त्याला वाढवलं. ती अजून वाडीवरच असते, भात लावते, दोन म्हशी राखते. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला होता. बेळगावच्या डॉक्टरांनी फोनवर विलासला बजावलं होतं की आणखी टाळलंत तर पुढे ऑपरेशन करूनही किती दिसेल याची खात्री देता येणार नाही. डावा डोळा आधीच अधू. दोनदा तारीख घेतली, दोन्ही वेळा ऐनवेळी आक्काने पाय मागे घेतला. एकदा भात कापणी निघाली, एकदा म्हैस अडली. आता तिसरी तारीख सोमवारची होती, आणि यावेळी विलास स्वतः तिला न्यायला जाणार होता.

खरं तर ही गाडी आक्कासाठीच घेतली, असं तो सगळ्यांना सांगतो, पण वाडीवर ती अजून एकदाही गेली नव्हती. घेण्याआधी त्याने तिला फोन केला होता. मी शेजारीच बसून शेंगा सोलत होते.

"आक्का, तुझ्याकडच्या रस्त्याला गाडी लागते का गं?"

"लागते म्हंजे? लई लागते रं!"

"कुठं जास्त लागते?"

"वळनावर. आनि शाळंम्होरच्या चढाला तर इचारू नगंस."

विलासने हे सगळं वहीत लिहून घेतलं. दगडांना पोट घासणार नाही अशी गाडी पाहिजे, असं ठरलं. मग महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर ग्राउंड क्लिअरन्स वाढला जात होता. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, हाच एक प्रश्न. शेवटी सगळ्यात उंच ती घेतली.

शुक्रवार, निपाणी

कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्यांची अक्षरं गोल होतात. रस्ता तोच, ऊस तोच, उसाच्या ट्रॉल्यांवरची गाणीही तीच. विलासने सवयीप्रमाणे पहिल्या पंपावर गाडी वळवली, कारण इकडे डिझेल स्वस्त. महाराष्ट्राच्या पासिंगच्या निम्म्या गाड्या तिथे रांगेत उभ्या होत्या. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणारे आमचे एक शेजारीही टाकी मात्र इथेच येऊन भरतात.

निपाणीबाहेरच्या एका हॉटेलात सोबत्यांची भेट ठरली होती. एकूण अकरा जण येणार होते, आले दोघं. बाकीच्यांनी गाडी सर्व्हिसिंगला दिल्याचं कळवलं. यावर विलास म्हणाला, "फार निगा राखतात लोक."

सदलग्याचे बाळूआण्णा आधीच येऊन बसले होते. उसाचे बागायतदार, पांढरा शर्ट, कपाळावर गॉगल.

"नमस्कार. मी टर्बो," ते म्हणाले.

"मी डिझेल," विलास म्हणाला, आणि दोघांनी हात मिळवले.

दुसऱ्या होत्या सुजाता कांबळे, निपाणीच्या वकील. ग्रुपमध्ये स्वतःची गाडी स्वतः चालवणारी ही एकच बाई. त्यांनी आपलं नाव आणि व्यवसाय सांगितला.

"ते झालं हो मॅडम, पण गाडी कुठली?" विलासने विचारलं.

"पांढरी."

मला त्या तिथेच आवडल्या.

जेवण चांगलं होतं. ज्वारीची कडक भाकरी, वांग्याची भाजी, संकेश्वरी मिरचीचा ठेचा. पण कुणाचं ताटाकडे लक्ष नव्हतं. आण्णांची गाडी सोळा देत होती, विलासची अठरा. यावरून अर्धा तास गेला.

"तुमी पुन्यात भरतायसा न्हवं? थितलं दाट असतंय. कर्नाटकातलं तेल जरा पातळ हाय," आण्णा म्हणाले. विलासने मान डोलावली. तासाभरापूर्वीच आम्ही त्या पातळ तेलाने टाकी गच्च भरून घेतली होती.

मग आण्णांनी गाडीची करामत दाखवायला आम्हाला बाहेर नेलं. ही गाडी बोललेलं ऐकते म्हणे. आण्णा आत बसले आणि मायेने म्हणाले, "काच खाली घे गं."

गाडी क्षणभर विचारात पडली. मग तिने आण्णांच्या काशी काकींना फोन लावला.

"आत्ता गं बाई, पुन्यांदा?" आतून काशी काकींचा आवाज आला. "बाळ्या, सकाळधरनं चौथ्यांदा हाय ह्यो फोन. म्हशीची धार काढू का न्हको?"

आण्णांनी घाईने फोन तोडला आणि काच बोटाने खाली केली. "शिकतिया अजून," ते म्हणाले. ते गाडीबद्दल की काकींबद्दल, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर सनरूफ झालं. आण्णांच्या गाडीला वरून उघडणारी काच आहे. मागच्या गणपतीत तिच्यातून त्यांचे साडू उभे राहिले आणि बसायच्या वेळी पोट अडकलं. मिरवणूक संपेपर्यंत ते तसेच सगळ्या गावाला नमस्कार करत राहिले, लोकांना वाटलं निवडणुकीला उभे आहेत. हा किस्सा आण्णांनी सनरूफची तारीफ म्हणून सांगितला.

चहा आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "मी ग्रुपवर तीनदा विचारलं, कुणी उत्तर देत न्हाय. मागच्या सीटवर कसं वाटतं? माझ्या आईचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. तिला यंदा नागपूरला दीक्षाभूमीला न्यायचंय. लांबचा पल्ला हाय. मला मागचं सांगा."

विलासने चहात आणखी साखर घातली. इंजिनाबद्दल, ब्रेकबद्दल, मागच्या डिकीत किती पोती मावतात याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"मागं मिसेस असत्यात," आण्णा म्हणाले. "त्यांची कंप्लेंट न्हाय."

"विचारलं व्हतं?"

"कंप्लेंट न्हाय म्हटल्यावर इचारायचं काय त्यात?"

विलासने विषय बदलला. त्याने वाडीच्या रस्त्याची कथा सांगितली, गाडी कुठे कुठे लागते ते वहीतून वाचून दाखवलं. आण्णांचे डोळे चमकले. सदलग्याच्या सपाट रानात त्यांच्या गाडीच्या उंचीची कधी परीक्षाच झाली नव्हती. "मग रविवारी आमी बी येतो की! बगू तरी किती लागतिया." वकीलबाईंनाही सुट्टी होती, त्याही येतो म्हणाल्या. अशी आमच्या आक्काच्या डोळ्याच्या कामाची मोहीम झाली.

शनिवार, बेळगाव

बेळगावात मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो दुकानदारांच्या जिभेचा. कुंदा घ्यायला गेलो तर मालक एका गिऱ्हाइकाशी कानडीत, दुसऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होता, आणि तिघांनाही सुटे नाहीत हे सारख्याच गोडीने सांगत होता. पुण्यात आमच्याकडे एकच भाषा आहे, तीही दुपारी बंद असते.

खडेबाजारात विलासने गाडी घालायला नको होती. गाडीला चारी बाजूंनी कॅमेरे आहेत, वरून पाहिल्यासारखं चित्र पडद्यावर दिसतं. त्या चित्रात आम्हाला डावीकडे एक गाय, उजवीकडे केळ्यांचा गाडा, मागे दोन स्कूटर दिसत होत्या. बाहेर काचेतूनही तेच दिसत होतं. गाडी सगळ्यांना घाबरून एकसारखी पिकपिक करू लागली. केळीवाली काचेजवळ आली आणि मला म्हणाली, "आक्का, गाडीला बरं न्हाय काय?" गाय जागची हलली नाही. शेवटी केळीवालीनेच तिला एक केळं दाखवून बाजूला नेलं, आणि आम्ही तिच्याकडून दोन डझन घेतली.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन कागद करून आलो. रविवारी मुक्कामाला आणा, सोमवारी सकाळी पहिलं ऑपरेशन तिचंच घेतो, असं डॉक्टर म्हणाले. "यावेळी येणार ना नक्की?" त्यांनी विचारलं. विलासने हो म्हटलं, पण परत येताना तो ॲव्हरेजबद्दल एक शब्दही बोलला नाही. तेव्हा मला कळलं की तो आतून किती घाबरला आहे.

रविवार, जांबोटीच्या पलीकडे

पिरनवाडीहून आमच्या तीन गाड्या एकामागे एक निघाल्या. एकाच साच्यातल्या, रंग तेवढे वेगळे. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून हात जोडले, त्याला कुणी मंत्री वाटला असावा.

किणये मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना रान दाटू लागलं. कापलेल्या भाताच्या पेंढ्या खाचरांत पसरल्या होत्या, त्यांचा कोरडा गोड वास येत होता. वळणं सुरू झाली. विलास सरसावून बसला. आता खड्डे येतील, मग दगड येतील. जांबोटी आलं, गेलं, आम्ही आत वाडीच्या वाटेला लागलो. आणि पुढे काळाभोर, गुळगुळीत, नवाकोरा डांबरी रस्ता थेट वाडीपर्यंत पसरलेला होता.

विलासचा चेहरा पडला. चांगला रस्ता बघून इतकं दुःखी झालेलं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. शाळेसमोरच्या चढावर त्याने मुद्दाम गाडी थांबवली. मागून आण्णा हातात मोजपट्टी घेऊन उतरले, गाडीखाली वाकले आणि म्हणाले, "हितनं तर रिक्षा बी जाईल की ओ."

आक्का अंगणात उभी होती. डोळ्यावर हात धरून तिने आधी आवाजावरून विलासला ओळखलं, मग चाचपून त्याचा खांदा धरला. दोन वर्षांपूर्वी ती लांबून बघूनच हाक मारायची.

नाचणीची भाकरी, हुलग्याचं कढण आणि ताज्या तांदळाचा भात असं जेवण झालं. आण्णा दोनदा भात मागून घेऊनही बेचैन होते. रस्त्याचा हिशेब त्यांच्या मनातून जात नव्हता. शेवटी हात धुता धुता त्यांनी विचारलंच, "आक्का, इलासराव सांगत व्हते, हितं गाडी लई लागते. कुठं लागते ते जरा दावा की."

आक्काने वेड्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

"पोटात लागते, बाबा. आनि कुठं लागनार?"

मग वकीलबाईंनी तोंडाला पदर लावला. आण्णांनी खिशातून डोकावणारी मोजपट्टी हळूच आत ढकलली. विलास वहीत बघत होता, वळणावर जास्त, चढाला फार. सगळं बरोबर लिहिलेलं होतं. मला हसू आलं नाही. अनेकार्थी शब्द हा धडा मी तीस वर्षं शिकवला, एका शब्दाचे किती अर्थ होतात ते फळ्यावर लिहून दिले. तो फोन चालू असताना मी शेजारी बसून शेंगा सोलत होते.

"म्हणजे तुला मळमळतं? उलटी होते?" विलासने विचारलं.

"मागं बसलं की व्हती. दोन बारीला तू जीप धाडलीस न्हवं? दोन्ही बारीला म्होरं बाप्ये बसल्यालं. मागं चौघी जनी, काच उघडंना. आपरेशनाच्या आदी ओकत ओकत डाक्टरापुढं जाऊ व्हय? म्हनून भाताचं, म्हशीचं नाव सांगितलं."

"आणि पुढं बसलीस की?"

"म्होरं बसलं की कायबी व्हत न्हाय. वडापच्या जीपात डायवरच्या बाजूला जागा घावली की खानापूरला जाऊन येते मी, गानं म्हनत."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगू? तुज्या गाडीत म्होरं मंगल बसती. तिला ऊठ म्हनू?"

मंगल म्हणजे मी. आक्का हे रागाने बोलली नाही, पाणी वाढता वाढता बोलली. मला मात्र आमची पहिली गाडी आठवली. आम्ही तिला कोल्हापूरला देवीला नेलं होतं. मागे ती, आमचा लहान मुलगा आणि तीन पिशव्या. कागलजवळ तिला उलटी झाली. मी पुढच्या सीटवरून वळून तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली होती आणि म्हटलं होतं, "आक्का, सीटवर नको हं, कव्हर नवीन आहेत." आदल्या दिवशीची मिसळ बाधली असं आम्ही ठरवलं. त्यानंतर तिला कुठे न्यायचा विषय निघाला की मीच म्हणायचे, त्यांना प्रवास सोसत नाही. हे आठवून मला इतकी लाज वाटली की मी उठून भांडी घासायला गेले.

निघताना आक्का पुढच्या दाराशी आली आणि थांबली. पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. ज्या उंचीसाठी आम्ही महिनाभर भांडलो ती उंची तिला चढता येईना. विलास घरात धावला, जेवायचा पाट घेऊन आला, आणि पाटावर पाय ठेवून आक्का वर चढली. पाट मग गाडीतच घेतला. ग्रुपवर अजून कुणी या गाडीला पाट लागतो असं लिहिलेलं नाही.

मी मागे बसले. या गाडीत पहिल्यांदाच. पहिल्या दोन वळणांना मजा वाटली. तिसऱ्या वळणाला उंच गाडी एका अंगाला झुकली, मग दुसऱ्या अंगाला, आणि हुलग्याचं कढण माझ्या गळ्याशी आलं. मी काचेचं बटण दाबलं. काच हलली नाही. पुन्हा दाबलं.

"विलास, काच उघडत नाही."

"लहान मुलांचं लॉक आहे ते," तो म्हणाला. "काच उघडली की ॲव्हरेज पडतं, म्हणून लावून ठेवलंय."

आमचं लहान मूल एकोणतीस वर्षांचं आहे आणि बंगलोरला नोकरी करतं. मी इतकंच म्हणू शकले, "थांबव."

रस्त्याच्या कडेला मी वाकले तेव्हा मागच्या दोन्ही गाड्या थांबल्या. आण्णा लांबूनच विचारत होते, "काय लागलं? खाली लागलं?" वकीलबाई म्हणाल्या, "न्हाय आण्णा. मागं लागलं." आक्का एकटीच, पाटाशिवाय, दार धरून खाली उतरली. माझी पाठ चोळली, ओच्यातून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलं.

"दम घे जरा. मागं बसलं की लागतेच गं," ती म्हणाली. तिने मला कव्हरांबद्दल काही सांगितलं नाही.

मंगळवार, बेळगाव

ऑपरेशन सोमवारी झालं. आक्का वेळेवर, ताठ, एकदाही न मळमळता पोचली होती. रविवारी संध्याकाळी विलासने ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'मागच्या सीटवर वळणांना त्रास होतो. मागच्या काचांचं लॉक काढून ठेवा. वयस्कर माणसांना पुढे बसवा.' त्याच्याखाली वकीलबाईंचा एक अंगठा आला. नंतर आण्णांचा मेसेज आला, 'मिसेसला विचारलं. सात वर्षं लागतंय म्हनत्यात.'

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. आक्काने आधी विलासकडे बघितलं आणि म्हणाली, "केवढा पिकलास रं तू!" मग आम्ही तिला घेऊन खाली आलो. दवाखान्याच्या दारात तिने गाडीला एक चक्कर मारली. परवा तिला हिचा नुसता आकार दिसला होता. पुढून बघितली, चाकं बघितली, मागचं दार उघडून आत डोकावली.

"भाईरनं केवढी मोठी," ती म्हणाली, "आनि मागं एवढीशीच जागा ठेवलीया?"

विलासने पुढचं दार उघडून पाट ठेवला. आक्का पाटाजवळ आली, थांबली आणि माझ्याकडे वळली. तो नवा डोळा अजून लाल होता, त्यातून पाणी येत होतं, पण ती नेमकं माझ्याकडेच बघत होती.

"मंगल, तू बस म्होरं. तुला लागते."

मी मान हलवली, तिचा हात धरला आणि तिला पाटावर चढवलं. मग पाट उचलला, मागे जाऊन बसले आणि बटण दाबलं. काच खाली गेली.